साडीतला इंग्रज सरदार

नाव वाचून तुमी जरा सावरून बसलाव, व्हय का न्हाई? साडी, त्यात सरदार, त्यात इंग्रज. म्हणलाव असंल, कायतरी चटकदार दिसायलंय, दार लोटून वाचावं. नका लोटू. उलट घरातल्या बायांना हाक मारा. ह्यातली साडी माझ्या मायची हाय, इरकली, घडी मोडायची न्हाई म्हणून कपाटात ठिवलेली. ह्यातला सरदार म्हणजे सत्तरीच्या पुढची एक म्हातारी. आन इंग्रज तर एक बी न्हाई.

दुसरं असं वाटलं असंल की जुन्या इंग्रजी कवितेवर लिहायलाय म्हणजे ह्यो लई शिकलेला गडी दिसतोय. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलोय. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग कन्नड, आन इंग्लिशमधी मला पास केलं ते बाईंनी दया म्हणून. मला येतंय ते एकच. आवाज. बिदर स्टँडवर गाड्या पुकारणारी बाई, चिटगुप्प्याच्या बाजारातला कांदेवाला, आमचे मराठी शाळेचे गुर्जी, वाटण अडकलेला मिक्सर. मिक्सर इतका हुबेहूब की माय दोनदा बटण बंद करून आली.

आमी ऱ्हातो मैलूरला. घरात चौघं. अप्पा बसमधी कंडक्टर, बिदर ते चिटगुप्पा. इतकी वर्षं गाडीत गेली की त्यांना घरातली माणसं बी प्याशिंजर वाटत्यात. जेवायला बसलं तरी म्हणणार, "सरका पुढं, मधी जागा हाय." माय घरीच पिको-फॉल करती. मी तर सांगितलाच. आन चौथी अक्का, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आन चाळीस वर्षांनी शहाणी.

अक्कानं कलबुर्गीला एम.ए. इंग्लिश केलं. त्यातबी तिचा जीव जडला लई जुन्या कवितांवर. म्हणजे इंग्रज आपल्याकडं यायच्या बी कैक शे वर्षं आधीच्या, जवा त्यांना सोताच्याच घरात कुणी इचारत न्हवतं. राजा त्यांचा, पण बोलायचा फ्रेंच. देवळातली माणसं बोलायची लॅटिन. इंग्रजी बोलायची ती चुलीपाशी आन गोठ्यात. ही सगळी मायती मला अक्कामुळं. मी तिला म्हणलो, "म्हणजे इंग्रजी त्यांची मैलूरची भाषा होती म्हण की." ती म्हणली, "पहिल्यांदा काय तर बरं बोललास."

त्या कवितांवर पीएच.डी. करायला तिला हैदराबादला जागा मिळाली. पत्र आलं. अप्पांनी चष्मा घालून मोठ्यानं वाचायला घेतलं, थांबे पुकारल्यासारखं. विषय आला तिथं पहिल्याच शब्दाला गाडी बंद पडली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शब्द तोच.

माय म्हणली, "काय लिव्हलंय?"

अप्पा म्हणले, "पाणी दे."

विषय मी तुमाला आपल्या बोलीत सांगतो. त्या जुन्या कवितांत बाई कुणाला म्हणायचं, बाप्या कुणाला म्हणायचं, कुणाचा जीव कुणावर जडतोय, आन ह्या सगळ्या गोंधळात इंग्रज म्हणजे नेमका कोण. एवढंच. पण इंग्लिशमधी त्यात जो पहिला शब्द हाय, त्यो आमच्या घरात आजवर कुणी उच्चारला न्हवता. टीव्हीवर आला तरी अप्पा च्यानल बदलायचे.

आता अप्पा काय वाईट माणूस न्हाई. नक्को म्हणावं तर भिंतीवरल्या फोटोतले दोघं वरून बघायलेत, शिका म्हणून सांगून गेलेले. हौ म्हणावं तर उद्या गाडीत कुणी इचारलं, पोरगी काय शिकायली, तर काय सांगावं? बी.एड.चा फॉर्म त्यांनी आधीच आणून ठिवला होता. बी.एड. म्हणजे बी.एड. कुणी पुढं काई इचारत न्हाई.

दोन दिवस इचार करून अप्पांनी निकाल दिला, की निकाल ते देणार न्हाईत. महिला मंडळ देणार.

ह्याला कारण हाय. आमच्या विहाराची एक रीत हाय. कुणी पोरगं-पोरगी शिकायला भायेर निघालं की रविवारी वंदना झाल्यावर बाजूच्या हॉलमधी हुबं राहून सांगायचं, काय शिकायलाव आन कशाला. आपल्या बोलीत, बायांना कळंस्तोवर. एका पोराला नर्सिंगला जाताना काळीज कसं चालतंय ते तीनदा सांगावं लागलं. सिव्हिलला निघालेल्या एकाकडून तर बायांनी हॉलच्या गळक्या छताचं कारण काढून घेतलं आन मगच त्याला सोडलं. एरवी ह्यात पास-नापास नसतंय, टाळ्या असत्यात आन शेवटी चिवडा. अप्पांनी त्यात आपलं घातलं. "मंडळ म्हणलं कळलं, तर हैदराबाद. मंडळ म्हणलं न्हाई कळलं, तर बी.एड. लोकशाही हाय."

अक्का पांढरी पडली. तिला इंग्लिशमधी दोन तास बोलता येतंय. पण त्या बायांनी तिला नागडी बघितलेली, म्हणजे लहानपणी, नळावर. त्यांच्यापुढं त्यो शब्द कसा काढायचा?

"मराठीत लैंगिकता म्हणत्यात," ती म्हणली.

मी म्हणलो, "ते दवाखान्याच्या भिंतीवर लिव्हलेलं असतंय. बायांना वाटंल तू लस टोचायला आलीस."

"मग कसं सांगू?"

"सांगू नको. दाव. तुझी एक कविता दे मला, मी करून दावतो. सगळे आवाज मी काढतो, तू मधी मधी समजावून सांग."

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं बुडता माणूस होडीकडं न्हाई, भोपळ्याकडं बघतोय. मग बोट नाचवून म्हणली, "एका अटीवर. कवितेत हाय तेवढंच करायचं. सोताचं काई घालायचं न्हाई."

"तुझी शपथ," मी म्हणलो. तिची घेतली, माझी न्हाई, हे तिच्या ध्यानात आलं न्हाई.

कविता कुणी लिव्हली ते कुणालाच ठाव न्हाई. गोष्ट अशी. एक इंग्रज सरदार शेजारच्या मुलखात लढायला जातोय आन पकडला जातोय. गडावर दारू गाळून विकणारी एक बाई असती. ती त्याला आपले कपडे देती, ते नेसून त्यो निसटतोय. दरवाज्यावर पहारेकरी. तवा शेजारपाजारचे लोक इंग्रजांना चिडवायचे, ह्यांना शेपूट असतंय म्हणून. खरंच चिडवायचे, अक्काच्या पुस्तकात हाय. तर पहारेकरी प्रत्येक बाप्याचं शेपूट तपासायलाय, बाईचं न्हाई. सरदार बाई होऊन पुढं येतोय, आन पहारेकऱ्याचा जीव त्याच्यावरच जडतोय. त्यो त्याला अंगठी देतोय. सरदार घरी पोचतोय, राजाला सांगतोय की मी तलवारीच्या जोरावर सुटलो. मोठं जेवण होतंय. अंगठी मात्र त्यो मरंस्तोवर बोटातून काढत न्हाई. कविता संपली.

"अंगठी का काढत न्हाई?" मी इचारलं.

"कवी सांगत न्हाई. त्याच्यावरच माझं एक प्रकरण हाय."

"आन ती दारूवाली? तिचं काय झालं?"

"ते बी सांगत न्हाई."

मी म्हणलो, "हे बघ, दारूवाली नको. आज्जी दारूबंदीवाली हाय. ताकवाली करू." अक्का चिडली, पण आज्जीचं नाव काढल्यावर गप बसली.

आज्जी म्हणजे मंडळाची अध्यक्ष. दारूच्या दुकानापुढं तीन दिवस बसून तिनं ते हलवलं होतं, आता ते दुसऱ्या गल्लीत हाय आन आज्जीची तिथं बी नजर हाय. पण तिची खरी कीर्ती दुसरीच. लग्नाच्या हळदीला, बाप्ये भायेर गेले की आज्जी धोतर नेसती, काजळानं मिशी काढती आन फौजदार होती. नव्या नवऱ्या मुलीला आन तिच्या सासूला समोर बसवून असली चौकशी करती की बाया हसून हसून भिंत धरत्यात. चौकशीत काय इचारती ते मला ठाव न्हाई. मला भायेर हाकलत्यात. मी खिडकीतून ऐकलेलं हितं लिहिण्यासारखं न्हाई.

रविवार आला. वंदना झाली. हॉलमधी पंचवीसेक बाया, काईजणी मेथी घेऊन आलेल्या, ऐकता ऐकता निवडायला. अप्पा ड्युटीवर, दोन फेऱ्यांच्या मधी येणार म्हणलेले. अक्का हुबी राह्यली आन पुस्तकातून बोलायला लागली. "मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अस्मितेची जडणघडण होत असताना..."

मेथी जोरात निवडली जायला लागली.

आज्जी म्हणली, "बाई, तू आपल्यात बोल. रेडिओ कामून लावलीस?"

मी बाजूच्या खोलीतून आलो. अंगात शर्ट, त्याच्यावर मायची इरकली गुंडाळलेली, डोक्यावर ताकाचा तांब्या. माय पहिल्या रांगेत होती. साडी बघून तिचा हात तोंडावर गेला, आन तांब्या बघून दुसरा बी.

"ही गडावरली ताकवाली," अक्का हळूच म्हणली. "आन ह्यो, म्हणजे ह्योच, इंग्रज सरदार."

"दोन्ही ह्योच?" आज्जी उठली. "हे न्हाई चालायचं. एकट्यानं सगळं खायचं न्हाई. सरदार मी."

कुणाची टाप हाय न्हाई म्हणायची? आज्जीनं माझा शर्ट काढून घेतला आन लुगड्यावरनं घातला. कुणाच्या तरी पर्समधनं काजळाची डबी आली, मिशी निघाली, टोकं वर वळवलेली. बाया शिट्ट्या मारायल्या. हळदीचा वास आल्यासारखं झालं सगळ्यांना.

"आता ताकवाली सरदाराला आपले कपडे देती," अक्का म्हणली.

मी साडी सोडून आज्जीच्या खांद्यावर घातली. म्हणजे बघा, खाली खरी बाई, तिच्यावर बाप्या, बाप्यावर परत बाई, आन वर मिशी. आन मी ताकवाली, बनियनवर हुबा.

"हेच माझं दुसरं प्रकरण हाय," अक्का पुटपुटली. तिच्या तोंडाला जरा रंग आला होता.

पहारेकरी कोण? लातूरवाली काकू उठली. लग्न होऊन मैलूरला आली त्याला लई वर्षं झाली, पण ती अजून लातूरवालीच. हातात केरसुणी धरून ती दाराजवळ हुबी राह्यली.

"थांब! कुणाकडली गं तू?"

आज्जीनं पदर मिशीवर ओढला आन बारीक आवाज काढला. "काय सांगू बाई. लातूरला गेलं की लोक म्हणत्यात ही कानडी. बेंगळूरला गेलं की म्हणत्यात ही मराठी. हैदराबादला गेलं की म्हणत्यात, क्या जी, किधर के?"

हॉल कोसळला. काकू बी हसली, पण मागं हटली न्हाई. "मंग आमी चुकीचं म्हणत न्हाई. तुमी भाजीला पल्ल्या म्हणतावच की."

"आन तुला पल्ल्या करून कोण घातलं इतकी वर्षं?"

"अवो, कविता," अक्का म्हणली. पण ती आता पुस्तक खाली ठिवून बोलायली होती. तिनं सांगितलं, की राजा फ्रेंच बोलतोय, गडी इंग्रजी बोलतोय, मग इंग्रज कोण हे कुणालाच नीट ठाव न्हवतं. म्हणून दुसऱ्यांनी शेपूट लावलं. "आपण कोण हे आपल्याला सांगता येईना की लोक सांगत्यात." मेथी थांबली. बायांना हे कुणी समजावून सांगायची गरज न्हवती. तहसीलला कन्नड, बाजारात हैदराबादी, घरात आपली, आन फॉर्मवर एकच रकाना.

मग पहारेकऱ्याचा जीव जडला. काकूनं केरसुणी फेकून आज्जीचा हात धरला. "तुझ्याविना मला करमंना गं." अंगठी न्हवती म्हणून केसातला रबर काढून आज्जीच्या बोटात घातला. आज्जी लाजली. काजळाची मिशी घेऊन लाजणं म्हणजे काय ते तुमी बघायला पायजे होतं.

"आन ती अंगठी," अक्का म्हणली, "सरदार मरंस्तोवर काढत न्हाई. कवी कामून ते सांगत न्हाई. माझ्या विषयातला त्यो पहिला शब्द..." ती अडखळली. "त्यो ह्याच्याबद्दल हाय. कुणाचा जीव कुणावर."

बाया एकमेकींकडं बघायल्या. मला वाटलं, गेलं, बी.एड.

निंबर्ग्याहून लेकीकडं आलेली एक मावशी कोपऱ्यातून म्हणली, "मग ठिवू दे की अंगठी. त्याची त्याला आवडली. आपल्या बापाचं काय जातंय?"

"हौ, तेच," आज्जी म्हणली, आन रबर नीट बोटात सारला. "पुढं."

एवढं सोपं झालं. अप्पांनी ज्याच्यासाठी दोन दिवस पाणी पिलं, ते मावशीनं मेथीच्या काडीसारखं मोडून टाकलं.

इथं मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आता राजाचा नंबर होता, आन राजाला आवाज पायजे. मला राजाचा आवाज म्हणजे एकच सुचतोय. मी हॉलमधली खुर्ची वढून बसलो, कानावर पेन ठिवला आन म्हणलो, "चला, सरका पुढं, मधी जागा हाय! सरदार कुठं चढलाव? फ्रान्स? फ्रान्सची गाडी गेली की आत्ताच! दारात हुबं राहू नका, राज्य चालायचंय! लोकशाही हाय!"

बाया डोळे पुसायल्या. माय सुद्धा हसली, पोट धरून. मग एकेक जण हसायची थांबली, आन सगळ्यांची नजर माझ्या मागं गेली.

दारात अप्पा. खाकी, गळ्यात तिकिटाचं मशीन.

त्यांनी मला बघितलं, बनियनवर, कानाला पेन. मग मिशीवाल्या आज्जीला बघितलं, आपल्या बायकोची इरकली नेसलेल्या. मग म्हणले, "चालू द्या."

त्यांचा असा आवाज मी कधी काढला न्हाई. काढताच येत न्हाई. गाडी बंद पडल्यावर येतोय तसला. हसायचं बंद झालं, आन मला दिसलं की माझ्यामुळं अक्काचं हैदराबाद मागं सरकायलंय. कायतरी करायला पायजे होतं. आन मला काय येतंय? आवाज.

कवितेत इथं जेवण होतंय आन संपतंय. मी संपू दिलं न्हाई. खुर्चीवरनं उतरलो, तांब्या उचलला आन ताकवालीच्या आवाजात, पण असा की छत हलावं, म्हणलो, "ओ राजा! जेवायच्या आधी माझं ऐका! तुमच्या सरदाराची तलवार गडावर गंजत पडली हाय. त्यो सुटला माझ्या साडीवर. साडी परत द्या! आन लोक इचारत्यात इंग्रजाचं शेपूट कुठं हाय? मी सांगते कुठं हाय. माझ्या पदराखाली झाकून आलंय, म्हणून कुणाला दिसलं न्हाई!"

हॉल फुटला. मेथी उडाली. लातूरवाली काकू बाकावर हुबी राह्यली. आज्जीनं हात वर करून सांगितलं, "पास! पोरगी पास!" अप्पा आत आले, खुर्चीवर टेकले, आन पहिल्यांदाच त्यांची मान हलली. "एवढ्या जुन्या काळात असं लिव्हलंय? बाईनं राजाला सुनावलंय? मग तर हे शिकायलाच पायजे."

झालं. हैदराबाद झालं. मी अक्काकडं बघून भुवया उडवल्या. ती माझ्याकडं बघतच न्हवती.

आज्जी तिच्याजवळ गेली. "बाई, ते शेवटचं मला लिहून दे. ताकवालीचं. हळदीला म्हणीन. त्या कवीनंच लिव्हलंय न्हवं?"

मी मागनं डोळे मोठे करून मान हलवली. हौ म्हण. एक हौ म्हण, चिवडा खाऊ, घरी जाऊ.

अक्का म्हणली, "न्हाई आज्जी."

"न्हाई?"

"ते ह्यानं घातलंय. कवितेत ती बाई काईच बोलत न्हाई. कपडे देती आन संपती. परत तिचं नाव सुद्धा येत न्हाई. आन ती ताक विकत न्हवती, दारू विकायची."

"दारू?" आज्जीची मिशी थरथरली. अप्पांची मान जिथं होती तिथं थांबली.

"दारू," अक्का म्हणली. ती आता थांबणार न्हवती, मला तिचा त्यो चेहरा ठाव हाय. "मला तेच बघायचंय आज्जी. तवा छापखाना न्हवता. एकाचं बघून दुसरा हातानं उतरवायचा. उतरवणारा मधीच सोताचं घालायचा, नको ते गाळायचा. ती बाई पहिल्यापासून गप होती, का कुणीतरी उतरवताना तिला गप केलं, हे जुन्या वह्या एकमेकींशी ताडून बघावं लागतंय. हैदराबादला ते शिकवत्यात."

"आन काईच सापडलं न्हाई तर?"

"तर न्हाई सापडलं असं लिहीन."

आज्जीनं बराच येळ तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत तिच्याकडं.

"म्हणजे ह्या कारट्यासारखी माणसं तवा बी होती?"

"लई होती आज्जी."

"मग जा बाई," आज्जी म्हणली. "एकेकाला धर."

बायांचे हात वर गेले. मोजायची गरज न्हवती, मेथी पडली सगळी. अप्पा उठले, सवयीनं दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आन म्हणले, "रैट." कंडक्टर लोकांत ह्याच्यावर अपील नसतंय. आन तडक स्टँडकडं निघाले, फेरी चुकू नये म्हणून.

मग माझी पाळी आली.

आज्जी म्हणली, "मुडद्या, मी त्या बाईचं म्हणून पाठ करणार होते. तू मला खोटं गाणं शिकवायलास? आन मिशी माझी, टाळ्या तुला?" मायनं साडीचा काठ बघितला, फक्त बघितला, आन मला सांगितलं की आजपासून दोन म्हैने पिको-फॉलचं सामान मीच आणायचं. अप्पा संध्याकाळी आले. आधी म्हणले, मी कवा म्हणतो मधी जागा हाय? आन मग म्हणले, सरक जरा, बसू दे.

पण हे सगळं काईच न्हाई. अक्का दिवसभर गप होती. गप अक्का म्हणजे कुकरची शिट्टी अडकलेली. कपडे घड्या घालता घालता ती वळली.

"तुला काय वाटलं, तू मला वाचवलास?"

मी म्हणलो, "जरासं."

"जरासं! अरे गाढवा, मी शिकायला जायलेय ते कशासाठी? ती बाई गप हाय म्हणून. तिनं सगळं केलं आन तिला एक शब्द दिला न्हाई कुणी. आन तू उठलास आन दिलास! सगळ्यांपुढं! म्हणजे तिचं सगळं भागलं, तिनं राजाला झापलं, शेपूट झाकलं, आता मी हैदराबादला जाऊन काय करू? चिवडा खाऊ?"

"पण बायांना आवडलं की."

"आवडणारच! ते लई चांगलं होतं!" हे म्हणताना ती आणखीनच भडकली. "चांगलं होतं हेच वाईट हाय! वाईट असतं तर सगळे इसरले असते. आता आज्जी ते दर हळदीला म्हणणार, अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखी येणार आन लिहिणार, मैलूरची जुनी कविता म्हणून. कुणाची? तुझी! बी.कॉम. दुसरं वर्ष! आन शपथ कुणाची घेतली होतीस? माझी! माझी घेतलीस आन मोडलीस, म्हणजे मी मरायचं आन तू हुबा राह्यचं बनियनवर! तुला बोलायचंय तर तुझ्या तोंडानं तुझं बोल. तिचं तिला राहू दे, गप तर गप. आन आता तू तोंड उघडलास तर बघ."

मी तोंड उघडलं न्हवतं.

"बघ, परत उघडायलास!"